एक ऑगस्टची रेघ

प्लेनो (टेक्सास), मे २०२६

आमच्या गॅरेजमध्ये पाच नंबरचा एक कोरा फुटबॉल पडून आहे. नाताळात आणलेला. धाकटा येत्या हंगामात बारा वर्षांखालच्या गटातून तेरा वर्षांखालच्या गटात जाणार होता. तिथं चार नंबरचा चेंडू जाऊन पाच नंबरचा येतो, नऊ-नऊ जणांऐवजी अकरा-अकरा जण उतरतात, मैदान मोठं होतं. म्हणून हौसेनं घेतला. वयोगटांचा नियम बदलतोय हे कानावर होतं, पण आमच्या घरापुरता त्याचा अर्थ काय, हे क्लबची नवी यादी आली तेव्हा कळलं. धाकट्याचा जन्म नोव्हेंबर २०१४ चा. तो आणखी एक वर्ष बारा वर्षांखालीच खेळणार. चेंडू चार नंबरचाच.

पुढच्या महिन्यात विश्वचषक सुरू होतोय. इथून तासाभराच्या अंतरावर आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये नऊ सामने आहेत, त्यातला एक उपांत्य फेरीचा. पण मुलांच्या मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या आईबापांचं बोलणं फिरून फिरून एकाच तारखेवर येतं: एक ऑगस्ट.

अमेरिकेत मुलांचं सॉकर शाळेच्या मैदानावर वाढत नाही, ते क्लबात वाढतं, हे आधी सांगायला हवं. मजेपुरतं खेळणाऱ्यांसाठी ‘रेक’ असतं. गंभीरपणे खेळायचं तर ‘सिलेक्ट’ संघात निवड व्हावी लागते. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ट्रायआउट होतात, मुलं नंबर चिकटवलेले बनियन घालून दोन-तीन संध्याकाळी पळतात आणि मग आईबापांना ईमेल येते. वर्षाची फी काही हजार डॉलर, प्रवास आणि हॉटेलं वेगळी. पहिला संघ, दुसरा संघ, तिसरा संघ अशी उतरंड असते. पहिल्या संघाला चांगला प्रशिक्षक आणि तगडे प्रतिस्पर्धी मिळतात. नऊ-दहा वर्षांचं मूल एकदा दुसऱ्या संघात गेलं, की वर यायला त्याला इतरांपेक्षा पुष्कळ जास्त धावावं लागतं.

या उतरंडीत मूल कुठं बसणार हे बऱ्याच अंशी त्याच्या जन्ममहिन्यावर ठरतं.

२०१५ मध्ये यूएस सॉकर या राष्ट्रीय महासंघानं जाहीर केलं, की यापुढं गट जन्मवर्षाप्रमाणे पाडायचे, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. त्याआधी ते १ ऑगस्ट ते ३१ जुलै, म्हणजे साधारण शाळेच्या वर्षाप्रमाणे होते. २०१७ पर्यंत सगळ्यांना बदलावं लागलं. फिफाच्या स्पर्धा जन्मवर्षानं चालतात, तेव्हा आपणही तसंच चालावं, हा विचार होता. एकाच वर्गातल्या, एकाच गल्लीतल्या मुलांचे संघ त्या वर्षी फुटले. आता घड्याळ उलटं फिरलंय. २०२४ च्या नोव्हेंबरात महासंघानं निर्णय सदस्य संघटनांवर सोपवला आणि यूएस युथ सॉकर, यूएस क्लब सॉकर, एवायएसओ या मोठ्या संघटनांनी २०२६-२७ च्या हंगामापासून पुन्हा १ ऑगस्ट ते ३१ जुलै हे चक्र स्वीकारलं.

जन्मवर्षाच्या पद्धतीत धाकटा चार वर्षं खेळला. त्याच्या संघात जानेवारीत जन्मलेला एक मुलगा होता. दोघांत दहा महिन्यांचं अंतर. मोठ्या माणसांत दहा महिने म्हणजे काहीच नाही, पण आठ वर्षांच्या पोराच्या उभ्या आयुष्याचा तो दहावा हिस्सा असतो. चेंडू मोकळा सुटला की दोघं एकदमच निघायचे, आणि शेवटच्या दोन पावलांत तो मुलगा नुसता खांदा पुढं करायचा. धक्का नव्हे, फाउल नव्हे, फक्त खांदा. धाकटा बाजूला व्हायचा. दोन वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की खांदा लागायच्या आधीच तो वेग कमी करतोय. हरायचंय हे त्याचं शरीर आधीच शिकून बसलं होतं. प्रशिक्षक म्हणाले, “मुलगा हुशार आहे, पण अजून अंगानं भरलेला नाही.” आणि त्याला दुसऱ्या संघात टाकलं. ते वाईट माणूस नव्हते. समोर दिसलं तेच त्यांनी सांगितलं. पण जन्मतारखेचा रकाना त्यांच्याच कागदावर होता, आणि तिकडे त्यांनी पाहिलं नाही, याचा राग मला अजून येतो.

ही गोष्ट एका घरातली नाही, आणि नवीही नाही. कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या लेथब्रिज गावी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉजर बार्न्सली हे मानसशास्त्रज्ञ पत्नी पॉला यांच्यासोबत कुमारांचा आइस हॉकीचा सामना पाहायला गेले होते. पॉला सामन्याची पुस्तिका चाळत होत्या. खेळाडूंच्या जन्मतारखा वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं, की जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हेच महिने पुन्हा पुन्हा येताहेत. कॅनडातल्या हॉकीत वयोगटाची रेघ १ जानेवारीला होती. घरी जाऊन बार्न्सलींनी आणखी याद्या तपासल्या, आणि सगळीकडे तेच निघालं. १९८५ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सापेक्ष वयाचा परिणाम हे नाव तेव्हापासून रुळलं.

यावर कुणी म्हणेल, थंडीत जन्मलेली मुलं मुळातच दणकट असतील. त्याला बेल्जियमनं उत्तर दिलं. तिथल्या फुटबॉलनं १९९७ मध्ये रेघ १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली. वर्नर हेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या आणि नंतरच्या हंगामांची तुलना केली, तेव्हा निवडल्या जाणाऱ्या मुलांचे महिनेही रेघेबरोबर सरकलेले दिसले. थोरली मुलं निवडली जातात, त्यांना जास्त सराव मिळतो, त्या सरावानं ती खरोखरच चांगली होतात, आणि मग निवड बरोबरच होती असं वाटतं. उरलेली हळूहळू बूट माळ्यावर टाकतात. इंग्लंडमध्ये रेघ १ सप्टेंबरला असते. २८ जुलैला जन्मलेल्या हॅरी केनला आर्सेनलनं लहानपणी अकादमीतून काढलं होतं. आज तो इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू आहे. त्याचं उदाहरण आईबाप एकमेकांना धीर द्यायला सांगतात. मला मात्र त्याच्यासारखीच काढलेली आणि पुन्हा कधीच न दिसलेली मुलं आठवतात.

मग अमेरिकेनं तारीख परत का फिरवली? कारण शाळा. टेक्सासात १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण झालेलं मूल किंडरगार्टनला जातं. जन्मवर्षाच्या संघात त्यामुळे दोन इयत्तांची मुलं एकत्र येतात. लहानपणी त्यानं फारसं बिघडत नाही. पण थोरली मुलं नववीत, म्हणजे हायस्कूलमध्ये गेली, की हंगामात ती शाळेच्या संघाकडून खेळतात आणि क्लबचा संघ ओस पडतो. मागं उरतात सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेली आठवीतली चार पोरं. त्यांना इथं ‘ट्रॅप्ड प्लेअर’ म्हणतात, अडकलेले खेळाडू. शेवटच्या वर्षीही तसंच. थोरली मुलं बारावी संपवून कॉलेजला जातात आणि ही बारावीत संघाविना राहतात. त्यात कॉलेजचे प्रशिक्षक मुलांकडे पाहतात ते हायस्कूल संपण्याच्या वर्षाच्या हिशेबानं. एका संघात दोन वर्षांची मुलं मिसळलेली असली की दोन्हींची पंचाईत.

म्हणजे बदल योग्य आहे, असंच मी म्हणेन. आमच्या घराचा तर फायदाच झाला. सहावीतले ते जानेवारीवाले वर गेले, आणि पाचवीतला धाकटा आपल्या वर्गमित्रांत आला. परवा सरावात मी त्याला पहिल्यांदाच खांदा पुढं करताना पाहिलं.

समोर होता आमच्याच गल्लीतला एक मुलगा. त्याची आई सोलापूरची. दोन्ही घरची पोरं पहिलीपासून एका वर्गात आहेत, पण त्याचा जन्म जून २०१५ चा असल्यामुळे संघ वेगळे होते. त्या संघात तो ना लहान ना मोठा, मधला होता आणि मध्यभागी खेळायचा, सगळ्यांना चेंडू वाटायचा. आता तो शेवटून दुसरा आहे. त्या दिवशी चेंडू गेल्यावर तो थांबला आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. ते बघणं मी ओळखते. चार वर्षं ते माझ्या घरात होतं. घरी परतताना गाडीत त्यानं विचारलं, “काकू, मी मागच्या वर्षीपेक्षा वाईट खेळतो का?” मी त्याला खरं ते सांगितलं: तू तोच आहेस, रेघ हलली आहे. दहा वर्षांच्या मुलाला ते किती पटलं कोण जाणे.

आणि ऑगस्टची मुलं? शाळेची रेघ टेक्सासात सप्टेंबरची, सॉकरची ऑगस्टची. ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान आणि मैदानावर एक इयत्ता खालच्या मुलांत सगळ्यात थोरलं. ते नववीत जाईल तेव्हा त्याचा संघ आठवीत असेल. काही घरांत अशा मुलांना मुद्दाम वर्षभर थांबवून शाळेत घालतात. त्याला ‘रेडशर्टिंग’ म्हणतात, शब्द कॉलेजच्या खेळांतूनच आलेला. ज्याला पाळणाघराचा आणखी एका वर्षाचा खर्च झेपतो, त्यालाच हे जमतं.

माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जूनला असतो. खरा कधी, ते आजीलाही सांगता येत नव्हतं. शाळेत घालताना गुरुजींनी ती तारीख लिहिली, आणि वडिलांच्या वर्गात निम्म्या मुलांची तीच तारीख होती. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा जन्म असा १ जूनचा आहे. गुरुजींनी पोरगं पाहिलं, त्याचा हात डोक्यावरून कानाला लागतो का ते पाहिलं, आणि मग तारीख टाकली. वयोगट म्हटलं की आपल्याकडे खोटे दाखले आणि मनगटाचे एक्स-रे आठवतात, आणि ती लबाडी मोडायलाच हवी. पण इथं एकही दाखला खोटा नाही. सगळं कागदोपत्री चोख आहे, तरी नोव्हेंबरातलं किंवा जुलैतलं मूल मागं पडतंच.

रेघ कुठं तरी ओढावीच लागणार. तिच्या टोकाशी उभ्या असलेल्या मुलाकडे कसं बघायचं, ते मात्र मोठ्यांच्या हातात आहे. इंग्लंडमधल्या अकादम्या अधूनमधून जन्मतारीख बाजूला ठेवून शारीरिक वाढीप्रमाणे गट पाडतात. बेल्जियमनं उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवर वेगळे संघ चालवले. आणि नेदरलँड्समधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, ते मला सगळ्यात मोलाचे वाटतात. स्काउटना मुलांच्या जन्मतारखा नुसत्या कागदावर दिल्या, तर त्यांचा कल थोरल्या मुलांकडेच राहिला. पण शर्टावरचे नंबरच वयाच्या क्रमानं दिले, सगळ्यात थोरल्यापासून सगळ्यात धाकट्यापर्यंत, तेव्हा तो कल नाहीसा झाला. मूल पळताना दिसतं तेव्हाच त्याचं वयही दिसत होतं.

कोल्हापूर, पुणे, मुंबई, मडगाव इथं मुलांच्या निवडचाचण्या घेणाऱ्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या चाचणीला मुलांची यादी जन्मतारखेनं लावा आणि त्याच क्रमानं शर्ट वाटा. एक नंबर सगळ्यात थोरल्याला, शेवटचा नंबर सगळ्यात धाकट्याला. याला जास्तीचा एक रुपयाही लागत नाही.