विजेसाठी बांधलेला पाट

पाट म्हटला की तो शेतात जाणार, असे आपण समजतो. लोणावळ्याचा पाट मात्र विजेसाठी बांधला.

पूर्वी मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत. कोळसा यायचा लांबून. घाटमाथ्यावर पाऊस मात्र धो धो. त्या पाण्यापासून वीज काढावी, असे जमशेटजी टाटांच्या मनात होते. १९०४ साली ते वारले. काम पुढे त्यांचे पुत्र दोराबजी यांनी तडीस नेले.

लोणावळा, वळवण येथे धरणे बांधली. तेथून बांधीव दगडी पाटाने पाणी खंडाळ्यास आणले. पाटाला उतार अगदी बेताचा. का बरे? पाणी जेवढे उंचावर राहील, तेवढा पुढे त्याला जोर. मग ते लोखंडी नळांतून एकदम पाचशे मीटर खाली, खोपोलीला सोडले. त्या जोराने चक्रे फिरली, नि १९१५ साली मुंबईला वीज पोचली.

पण हे पाणी मुळात इंद्रायणीचे. इंद्रायणी पूर्वेला वाहते, भीमेला मिळते. पाटाने ते पश्चिमेला, पाताळगंगेत नेले. त्या गिरण्या बहुतेक बंद पडल्या. पाणी अजून तिकडेच जाते. भीमेच्या खोऱ्यातले लोक ते परत मागतात. दुष्काळाच्या वर्षी तरी त्यांचे आधी ऐकावे, असे आम्हांला वाटते. अडचण एवढीच, की पाताळगंगेकाठची गावे नि कारखानेही आता याच पाण्यावर आहेत.