बऱ्हाणपूरच्या भिंतीवरची न सुकलेली फुलं

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत रावेर मागे पडतं, केळीच्या बागा मात्र संपत नाहीत. तेवढ्यात बऱ्हाणपूर येतं. पाहुणे शाही किल्ला, जामा मशीद आणि कुंडी भंडारा बघतात, मावा जिलेबी खातात आणि परततात. त्यांच्या वाटेतून सुटते ती एक छोटी कबर. बाहेरून ती खरबुजासारखी फाका-फाकांची दिसते, म्हणून लोक तिला खरबुजी गुंबद म्हणतात.

शाहजहानचा मुलगा शाह शुजा दख्खनच्या मोहिमेवर आला होता. त्याची बेगम बिल्किस बानू १६३४ साली बाळंतपणात गेली, ती इथे विसावली आहे. तीनच वर्षांपूर्वी, १७ जून १६३१ रोजी, याच शहरात मुमताजमहलही बाळंतपणातच गेली होती. तिच्यासाठी आग्र्याला ताजमहाल उभा राहिला. बिल्किसच्या वाट्याला ही अरुंद खोली आली, पण ती फुलांनी भरलेली. आत पाऊल टाकून डोळे अंधाराला सरावू द्यावेत. मग चुन्याच्या गिलाव्यावर वेली उमटू लागतात, पाकळ्या दिसू लागतात आणि नजर आपोआप घुमटाच्या पोटापर्यंत चढत जाते.

कबरीला आणि फुलांना एकत्र आणणारे मोगल काही पहिले नव्हेत. प्राचीन रोममध्ये ‘रोझालिया’च्या दिवसांत आप्तांच्या थडग्यांवर गुलाब वाहत. तिथले कवीही गुलाबात रमले होते. व्हर्जिलने शेतीवरच्या काव्यात पेस्टमच्या, वर्षातून दोनदा फुलणाऱ्या गुलाबबागांची आठवण काढली. होरेसला गुलाबात दिसलं ते आयुष्याचं थोडकेपण. मार्शलने भर हिवाळ्यात इजिप्तहून रोमला येणाऱ्या गुलाबांवर लिहिलं.

कवींनी फुलाचं सुकणं सांगितलं, चित्रकारांनी ते थांबवलं. त्याच रोमन जगातल्या पॉम्पेई शहरात ‘सोन्याच्या कंकणाचं घर’ म्हणून ओळखली जाणारी वास्तू आहे. तिथल्या भिंतीवरच्या बागेत गुलाबाचं एक झुडूप आहे. वाकू नये म्हणून माळ्याने ते काडीला बांधलंय आणि त्या काडीवर एक पक्षी बसलाय. तो नाइटिंगेल असावा असं मानतात, म्हणजे फारसी कवींचा बुलबुल. रंग ओल्या चुन्यावर दिलेला, त्यामुळे चुना घट्ट होताना तो गिलाव्यातच मुरला. पुढे इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेने सगळं शहर गाडलं. माळी गेला, बाग गेली, पण काडीला बांधलेलं ते झुडूप आजही टवटवीत आहे.

गुल आणि बुलबुल ही फारसी काव्यातली जोडी बऱ्हाणपूरलाही परकी नव्हती. अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे आपल्या ओळखीचे दोह्यांचे रहीम, दख्खनचे सुभेदार म्हणून इथे दीर्घकाळ राहिले. इराणातून आलेले कवी आणि लेखक त्यांच्या पदरी असत. त्यांच्यापैकी अब्दुल बाकी नहावंदी याने १६१६ साली ‘मआसिर-ए-रहीमी’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्यांच्या फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि गुलाबही. ‘आब’ म्हणजे पाणी. ‘गुलाब’ हा शब्द मुळात गुलाबजलाचा. मराठीत तो फुलाला चिकटला आणि ‘गुलाबपाणी’ म्हणताना आपण पाणी दोनदा म्हणू लागलो. लग्नमांडवातली गुलाबदाणीही त्याच वाटेवरची.

काळाने, देशाने आणि धर्माने दूर असलेल्या या दोन भिंती एकच गोष्ट सांगतात. जे टिकत नाही त्यावरच माणूस जीव लावतो आणि ते टिकवायला भिंतीकडे धाव घेतो. बऱ्हाणपूरला कुणीतरी अकाली गेलेल्या एका बाईच्या उशाशी कायमची फुलं ठेवली. ताजपेक्षा ही माया मला तसूभरही कमी वाटत नाही.

पॉम्पेईच्या फुलांना राखेने सांभाळलं. बऱ्हाणपूरच्या फुलांना सांभाळणारे फक्त आपणच आहोत. तिथे जाल तेव्हा भिंतीला हात लावू नका, टेकून उभे राहू नका, नाव कोरणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. मुलांना जवळ घेऊन ती फुलं नुसती डोळ्यांनी बघायला शिकवा.