तुम्ही नेमका कोणता ‘गोल्ड रश’ पाहिलात?

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एक ‘शोध’ लावला होता. चार्ली चॅप्लिन हात हलवतो तेव्हा त्याचे हात सेकंदाला चार वेळा किंचित थबकतात. डोळ्यांना दिसत नाही, पण मोजलं की सापडतं. त्या आनंदात दोन दिवस मला झोप नव्हती. विनोदाची लय आकड्यांत पकडली, आता पेपर पक्का, असं वाटत होतं.

तो शोध चुकीचा होता. का चुकला ते आज सांगते, कारण हीच चूक तुम्ही इतिहासात, भाषेत, जीवशास्त्रात, कुठेही करू शकता.

आधी माझं काम थोडक्यात. मी एमएससी फिजिक्सची. पीएच.डी.त मी जुन्या चित्रफितींमधली हालचाल संगणकाने मोजते. एखादी वस्तू एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये किती पिक्सेल सरकली, हे शोधायचं, बस्स. नमुना म्हणून मी चॅप्लिनच्या ‘द गोल्ड रश’मधला पावांचा नाच घेतला होता. दोन काट्यांना दोन पाव टोचून चार्ली टेबलावर त्यांना पायांसारखं नाचवतो, तो प्रसंग. कॅमेरा स्थिर, मागे अंधार, समोर चार्लीचा चेहरा आणि हलणारे पाव. मोजमापासाठी याहून सोयीचं दृश्य मिळणं अवघड.

आलेख काढला. पाच फ्रेम हालचाल, सहाव्या फ्रेमला शून्य. पुन्हा पाच, पुन्हा शून्य. सगळीकडे तेच. फाइल सेकंदाला २४ फ्रेमची, म्हणजे सेकंदाला चार थांबे. मी लगेच दोन पानं लिहूनही टाकली.

मॅडमनी आलेख पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, “ही कॉपी कुठली?”

“गोल्ड रशची, मॅडम.”

“ते सिनेमाचं नाव झालं. कॉपी कुठली?”

मला सांगता येईना. फाइल लॅबमधल्या एका सिनिअरच्या पेनड्राइव्हवरून आली होती. त्यांना ती कुणी दिली, त्यांनाही आठवत नव्हतं.

थांबे आले कुठून?

मूकपटांच्या काळात कॅमेरा बहुतेक वेळा हाताने हँडल फिरवून चालवत. त्यामुळे वेग आजच्यासारखा ठरलेला नसे. सेकंदाला १६, १८, २०, २२ असे निरनिराळे वेग सापडतात. बोलपट आल्यावर आवाजासाठी वेग कायम ठेवणं भाग पडलं आणि २४ हा आकडा पक्का झाला.

आता सेकंदाला २० फ्रेमची फिल्म २४ फ्रेमच्या फाइलमध्ये बसवायची तर काय करणार? एक सोपा उपाय म्हणजे दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दाखवायची. पाचाच्या सहा होतात, २० च्या २४ होतात. बघणाऱ्याला वेग बरोबर वाटतो. पण माझा प्रोग्रॅम त्या दुबार फ्रेमपाशी आला की म्हणणार, हालचाल शून्य!

म्हणजे थबकत होती ती माझी फाइल. चॅप्लिनचा यात काही संबंध नव्हता. चार महिन्यांचा डेटा गेला आणि सल्लागार समितीपुढचं प्रेझेंटेशन तीन आठवड्यांवर आलेलं. रडू आलं, खोटं कशाला बोलू.

एकाच नावाचे दोन सिनेमे

त्यानंतर मी ‘गोल्ड रश’च्या कॉप्यांच्या मागे लागले आणि कळलं की वेगाची भानगड तर सुरुवात आहे.

‘द गोल्ड रश’ पहिल्यांदा दाखवला गेला २६ जून १९२५ रोजी, हॉलिवूडच्या ग्रॉमन्स इजिप्शियन थिएटरमध्ये. मूकपट, मधूनमधून मजकुराच्या पाट्या. पुढे १९४२ मध्ये चॅप्लिनने स्वतःच तो पुन्हा प्रदर्शित केला. पण जसाच्या तसा नाही. पाट्या काढल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या आवाजात निवेदन घातलं, संगीत दिलं, काही भाग कापला. या आवृत्तीला संगीत आणि ध्वनिमुद्रण या दोन विभागांत ऑस्कर नामांकनंही मिळाली.

कापलेला भाग किरकोळ नाही. १९२५ च्या सिनेमात जॉर्जियाने जॅकसाठी लिहिलेली चिठ्ठी जॅक मुद्दाम चार्लीच्या हाती पोचवतो, आणि चार्लीला वाटतं की ती आपल्यालाच लिहिली आहे. १९४२ मध्ये हा फसवणुकीचा धागा काढून टाकला आहे. तिथे चिठ्ठी चार्लीसाठीच आहे. शेवटी बोटीवर दोघांचं दीर्घ चुंबन होतं, तेही १९४२ मध्ये नाही.

आता समजा, तुम्ही ‘चॅप्लिनच्या सिनेमांतली नायिका’ असा विषय घेतलात आणि लिहिलंत की जॉर्जियाचं मन शेवटपर्यंत संदिग्ध राहतं. हे विधान बरोबर की चूक? तुम्ही कोणती आवृत्ती पाहिली, त्यावर उत्तर बदलेल. आणि संदर्भात तुम्ही नुसतं ‘द गोल्ड रश, १९२५’ लिहून १९४२ ची आवृत्ती पाहिली असेल, तर तुमचं विधान कुणाला तपासताच येणार नाही.

अशी गल्लत होण्याला कारणंही आहेत. १९४२ ची आवृत्ती चॅप्लिनची स्वतःची, अधिकृत. मूळ आवृत्तीच्या अमेरिकेतल्या स्वामित्वहक्काचं मात्र नूतनीकरण झालं नाही आणि १९५३ पासून तिथे ती कुणालाही छापता-विकता येऊ लागली. मग सोळा मिलिमीटर, आठ मिलिमीटर, कॅसेट, स्वस्त डीव्हीडी अशा ज्याला जमेल त्याने, हाताला लागेल त्या प्रिंटवरून कॉप्या काढल्या. १९९३ मध्ये केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी १९२५ च्या आवृत्तीची पुनर्रचना केली. २०१२ मध्ये क्रायटेरियनने डीव्हीडी आणि ब्लू-रेवर दोन्ही आवृत्त्या एकत्र दिल्या. आणि सिनेमाच्या शंभरीनिमित्त २०२५ च्या मे महिन्यात कान महोत्सवात नवी फोर-के आवृत्ती दाखवली गेली, २६ जूनला तर ती अनेक देशांत चित्रपटगृहांत लागली.

या सगळ्यांवर नाव एकच.

मिनिटांवर विश्वास ठेवू नका

कोणती आवृत्ती आहे हे लांबीवरून ओळखू, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. १९२५ ची सुमारे ९५ मिनिटं, १९४२ ची सुमारे ७२ मिनिटं, असे आकडे साधारण सापडतात. फरक २३ मिनिटांचा. म्हणजे चॅप्लिनने २३ मिनिटं कापली?

नाही. १९४२ ची आवृत्ती बोलपटाच्या वेगाने, म्हणजे २४ ने चालते. मूळ फिल्म त्याहून कमी वेगाने चालायची. काहीही न कापता नुसता वेग वाढवला तरी सिनेमा आखूड होतो. जरा गणित करू:

- ९५ मिनिटं २२ च्या वेगाची धरली, तर २४ ने तीच फिल्म ८७ मिनिटांत संपते. मग कात्री लागली सुमारे १५ मिनिटांना.
- २० चा वेग धरला, तर ७९ मिनिटं. कात्री ७ मिनिटांना.
- १८ चा वेग धरला, तर ७१ मिनिटं. म्हणजे काहीच कापलं नाही!

शेवटचं उत्तर उघडच चूक आहे, कारण कापलेले प्रसंग आपल्याला माहीत आहेत. पण गंमत बघा, मूळ दोन आकडे तेच असताना फक्त एक गृहीतक बदललं आणि ‘किती कापलं’ याचं उत्तर शून्यापासून पंधरापर्यंत फिरलं. एका फरकामागे दोन कारणं असली आणि आपण एकच धरलं, की असं होतं.

म्हणूनच मूकपटांची लांबी मिनिटांत नव्हे, तर फुटांत किंवा मीटरमध्ये नोंदवणं जास्त भरवशाचं. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. ९,००० फुटांची फिल्म १६ च्या वेगाने १५० मिनिटं चालेल, २४ च्या वेगाने १०० मिनिटं. फूट तेच, मिनिटं वेगळी.

त्यात घरगुती व्हिडिओने आणखी भर घातली. भारतात आणि युरोपच्या बऱ्याच भागांत टीव्हीची पद्धत पाल होती, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम. २४ ची फिल्म तिथे सहसा सरळ २५ ने चालवतात. सिनेमा चार टक्क्यांनी आखूड होतो, ९५ मिनिटांचा ९१ चा. कुणी काही कापलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट, जी मला शेवटपर्यंत लक्षात आली नव्हती, ती म्हणजे फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या एका बाजूला असते. मूकपटात ती जागाही चित्राचीच होती. मूकपट निष्काळजीपणे बोलपटाच्या प्रिंटवर छापला तर डावी कड कापली जाते. चौकटीत कोण कुठे उभं आहे, याचा अभ्यास करणाऱ्याने तर आधी हे बघायला हवं.

मग ‘खरा’ वेग कोणता?

हा प्रश्न मी मॅडमना विचारला. त्या म्हणाल्या, “आहे का तसा काही?”

विचार केला तर खरंच अवघड आहे. विनोदी मूकपटांत कॅमेरा कधी कधी मुद्दामच हळू फिरवत, म्हणजे पडद्यावर हालचाल चपळ दिसते. तेव्हा माणूस प्रत्यक्ष जितक्या वेगाने चालतो तो वेग ‘खरा’ धरला तर विनोदच मोडतो. शिवाय १९२५ मध्ये प्रोजेक्टर चालवणारा माणूसही वेग कमी-जास्त करू शकत असे. म्हणजे एकाच आठवड्यात दोन गावांत दोन वेगांचा चार्ली दिसणं शक्य होतं. आज वाद्यवृंदासह मूकपटाचे खेळ होतात, तिथे संगीत आणि चित्र जुळवायला वेग आधी ठरवावा लागतो. तोही एक निर्णयच.

त्यामुळे ‘खरा वेग’ शोधण्यापेक्षा ‘मी कोणता वेग धरला आणि का’ हे लिहिणं आपल्या हातात आहे.

तुमच्यासाठी

तुमचा विषय सिनेमा नसेलही. पण हस्तलिखित, जनगणनेचा तक्ता, सेल लाइन, जुनं वृत्तपत्र, सगळ्यांना हे लागू पडतं. काम सुरू करण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा.

१. आवृत्ती कोणती? नुसतं नाव आणि साल पुरत नाही. कोणी काढली, कधी काढली, कशावरून काढली?

२. मूळ वस्तूपासून तुमच्या टेबलापर्यंत ती किती हातांतून आली? प्रत्येक हाताने काहीतरी बदललेलं असतं. माझ्या बाबतीत कॅमेरा, निगेटिव्ह, प्रिंट, स्कॅन, फाइल, पेनड्राइव्ह अशी साखळी होती आणि मला फक्त शेवटची कडी माहीत होती.

३. मोजायच्या आधी डोळ्यांनी बघा. मी शंभर फ्रेम एकेक करून पाहिल्या असत्या तर दुबार फ्रेम पहिल्या तासात सापडल्या असत्या.

४. ही कॉपी माझ्या प्रश्नाला चालेल का? हे सगळ्यात महत्त्वाचं. खराब कॉपी नेहमी टाकाऊ नसते. हाताची हालचाल मोजायची असेल तर मला पुनर्रचित आवृत्तीच हवी. पण व्हिडिओ लायब्ररीच्या काळात आपल्याकडच्या घरांत चॅप्लिन कसा पोचला, असा कुणाचा विषय असेल, तर ती पुसट, धावरी कॅसेट हाच अस्सल पुरावा. कारण लोकांनी तीच पाहिली होती.

आपल्या घरचंही उदाहरण आहे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा म्हणून जो थोडा भाग आज उरला आहे, तो १९१३ चा नसून १९१७ साली त्यांनी पुन्हा केलेल्या चित्रपटाचा असावा, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. भारतीय सिनेमाच्या पहिल्या पानावर बोट ठेवताना सुद्धा ‘कोणती कॉपी’ हा प्रश्न सुटत नाही.

माझं पुढे काय झालं? समितीपुढे मी चुकीचा आलेख आणि दुरुस्त केलेला आलेख, दोन्ही दाखवले. बोलणी बसतील असं वाटलं होतं, पण सगळ्यात जास्त प्रश्न त्याच स्लाइडवर आले. नंतर दोन्ही आवृत्त्या असलेली डिस्क मागवली, दुबार फ्रेम काढून टाकणारा प्रोग्रॅम लिहिला आणि मोजणी पहिल्यापासून केली. थांबे गेले. लय मात्र आहे, पण ती घड्याळासारखी एकसारखी नाही, आणि ती समजून घ्यायला मला अजून एक वर्ष तरी लागेल.

प्रबंधाच्या ‘साहित्य आणि पद्धत’ या प्रकरणात आता एक तक्ता आहे. त्याचा पहिलाच रकाना आहे: कॉपी कुठली?