शेतमालाच्या पिकअप गाडीस मोठे टायर : निवड कशी करावी?

कोपरगाव तालुक्यातील गोदाकाठची जमीन काळी, खोल व चिकण आहे. नांदूर मधमेश्वर येथून निघणाऱ्या गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांनी ती भिजते आणि ऊस, कांदा, मका, सोयाबीन, गहू ही पिके देते. परंतु जी माती पाणी धरून ठेवते, तीच गाडीचे चाकही धरून ठेवते. सोयाबीनच्या काढणीस परतीच्या पावसाने गाठले म्हणजे शिवाररस्त्यावर भरलेली पिकअप रुतून बसण्याचे प्रसंग येतात. अशा अनुभवानंतर अनेक वाहनधारक लेव्हलिंग किट बसवून गाडीची पुढची बाजू उचलून घेण्याचा व मोठे टायर घालण्याचा विचार करतात. हा खर्च थोडाथोडका नसतो. तो करण्यापूर्वी त्यापासून काय मिळते व काय जाते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

रिकामी गाडी पुढे झुकलेली का असते?

रिकामी पिकअप पाहिली असता तिची मागची बाजू उंच व पुढची बाजू सखल दिसते. हा दोष नव्हे, तर योजना आहे. मालाचा बहुतेक भार मागच्या आसावर पडतो. तेथील पाटे त्या भाराने दबतात आणि गाडी जवळजवळ समपातळीत येते. म्हणजे गाडी समतल व्हावी ती भरल्यावर, रिकामी असताना नव्हे.

लेव्हलिंग किटमध्ये पुढच्या स्प्रिंगवर किंवा पाट्यांवर ठोकळा बसवून पुढची बाजू उचलली जाते. त्यामुळे रिकामी गाडी डौलदार दिसते. परंतु माल भरताच मागची बाजू दबून तोंड वर होते. मग पुढच्या चाकांवरील भार घटतो, सुकाणू हलके पडते व ब्रेक लावताना पुढच्या चाकांची पकड कमी होते. दिव्यांचा झोत रस्त्यावर न पडता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. उसाच्या हंगामात कोळपेवाडी व सहजानंदनगर येथील सहकारी साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात. त्यांच्याशी गाठ पडणाऱ्या चालकास आपल्या दिव्यांनी आंधळे करणे म्हणजे अपघातास निमंत्रण देणे होय.

टायरवरील आकडे

टायरच्या बाजूस २१५/७५ आर १५ असे माप छापलेले असते. यांतील २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी होय. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ७५ आहे, आणि १५ हा चाकाच्या रिमचा इंचांतील व्यास आहे. यावरून टायरचा पूर्ण व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर येतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ हा टायर घेतला, तर व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर होतो.

व्यास ३० मिलिमीटरने वाढला तरी आस त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे १५ मिलिमीटरनेच वर येतो. ही वाढ अर्ध्या इंचाहून किंचित अधिक आहे. वीतभर खोल चाकोरीत तिचा उपयोग अल्पच होतो.

मापापुढे छापलेला भारांकही पाहावा. भारांक १०० असलेला टायर ८०० किलो, १०४ असलेला ९०० किलो व १०८ असलेला १००० किलो भार पेलतो. नव्या टायरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. दिसावयास दणकट, खोल खाचांचा, परंतु कमी भारांकाचा टायर मालवाहू गाडीस निरुपयोगी होय. बाजूवरील चार आकडी खूण निर्मितीची तारीख सांगते. उदाहरणार्थ, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात फार काळ पडून राहिलेला टायर घेऊ नये.

मोठा टायर काय मागतो?

वरील उदाहरणात चाकाचा घेर सुमारे सव्वाचार टक्क्यांनी वाढतो. तेवढ्या प्रमाणात चाकाशी मिळणारी इंजिनाची ओढ घटते, आणि गाडी थांबविण्यास ब्रेकला अधिक जोर लागतो. वेगदर्शकाचा काटा ६० किलोमीटर दाखवीत असता गाडी वस्तुतः साडेबासष्टच्या वेगाने धावत असते. टायर जड असल्यास इंधनही अधिक लागते. रिम बाहेरच्या बाजूस सरकणारी घेतली, तर बेअरिंगवर अधिक ताण पडतो.

चिखलात चाक का रुतते?

जुन्या लाकडी बैलगाडीच्या चाकावरील अरुंद लोखंडी धाव ओल्या काळ्या रानात सुरीसारखी उतरत असे. रबरी टायरची गाडी आल्यावर तोच भार अधिक जागेवर पसरू लागला. मात्र हा गुण केवळ टायरच्या रुंदीचा नसून त्यातील हवेचाही आहे, ही गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते.

टायर जमिनीवर जेवढा दाब देतो, तो स्थूलमानाने त्यातील हवेच्या दाबाएवढा असतो. एका चाकावर ८०० किलो भार असून हवा ५० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेतीन किलो असेल, तर टायर सुमारे २३० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. हवा ३५ पौंड, म्हणजे सुमारे अडीच किलो असेल, तर तीच जागा ३२० चौरस सेंटिमीटर होते. यावरून दिसून येईल की, रुंद टायर घेऊन त्यात पूर्वीइतकीच हवा ठासून भरली, तर जमिनीवरील दाब फारसा घटत नाही. मोठ्या टायरचा खरा लाभ असा की, तोच भार तो काहीशा कमी हवेवर पेलू शकतो. ती हवा किती असावी, हे टायर उत्पादकाच्या तक्त्यावरूनच ठरवावे, अंदाजाने नव्हे. कमी हवेचा भरलेला टायर डांबरी रस्त्यावर वेगाने तापतो व फुटतो.

शिवाय चिकण मातीने खाचा भरल्या म्हणजे कोणताही टायर गुळगुळीतच होतो. तालुक्याच्या दक्षिणेकडील जिरायत भागातील हलक्या, मुरमाड रस्त्यांवर प्रश्न रुतण्याचा नसून दगडांनी टायर फाटण्याचा असतो. तेथे रुंदीपेक्षा मजबूत बाजूचा टायर उपयोगी पडतो.

बसविण्यापूर्वीची मोजमापे

१. गाडी रिकामी असताना व वजनकाट्यावर भरून घेतल्यावर, पुढच्या व मागच्या चाकांवरील मडगार्डची जमिनीपासूनची उंची मोजावी. भरलेली गाडी समतल असल्यास पुढची बाजू उचलू नये.

२. सुकाणू दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून टायर व मडगार्ड, पाटे आणि ब्रेकची नळी यांमधील अंतर पाहावे. भरलेल्या गाडीत हेच अंतर पुन्हा पाहावे. खड्ड्यात चाक वर येते, त्यासाठीही जागा उरली पाहिजे.

३. एका आसावर दोन मापांचे टायर बसवू नयेत. चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीस चारही टायर एकाच मापाचे हवेत. स्टेपनीही त्याच मापाची ठेवावी.

४. बसविल्यानंतर चाकांची समरेषा व दिव्यांचा झोत तपासून घ्यावा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात ही गोष्ट स्पष्ट केली आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी अशा फेरफारावर हरकत घेऊ शकते. म्हणून उत्पादकाने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या मापांपैकीच टायर निवडावा. शंका असल्यास श्रीरामपूर येथील परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी.

कमी खर्चाचा मार्ग

गाडी रुतते ती बहुधा वाफसा येण्यापूर्वी रानात घातल्यामुळे. ओल्या रानात भरलेली गाडी गेली म्हणजे माती दबते, तिच्यातील पोकळ्या मोडतात आणि पुढील पिकाच्या मुळांना त्याचा त्रास होतो. म्हणून माल बैलगाडीने किंवा डोक्यावरून बांधापर्यंत आणून पक्क्या रस्त्यावर पिकअपमध्ये भरावा. चार शेजाऱ्यांनी मिळून शिवाररस्त्यावर मुरूम टाकला व बाजूस चर काढून पाण्यास वाट करून दिली, तर त्याचा लाभ सर्वांच्या गाड्यांना वर्षानुवर्षे मिळतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती वाहनधारक शेतकऱ्यांच्या निदर्शनास आणावी. टायर झिजले असल्यास ते अवश्य बदलावेत. खाचांतील झीजदर्शक उंचवट्यापर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलेला टायर पावसाळ्यात धोक्याचा असतो. मात्र नवा टायर निवडताना गाडीच्या रूपाकडे नव्हे, तर भार, हवा व मोकळी जागा या तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. रिकाम्या गाडीचा डौल दारात शोभतो. शेतकऱ्याचे काम मात्र भरलेल्या गाडीशी असते.