खिशातील संगीतसंग्रह
२००१ साली आलेल्या पहिल्या आयपॉडमध्ये ५ गिगाबाइटची चकती होती. तीत सुमारे हजार गाणी मावत. १६० गिगाबाइटचा आयपॉड क्लासिक २०१४ मध्ये बंद झाला आणि मोठ्या संग्रहाच्या धन्यांची पंचाईत झाली. नवे उपकरण निवडण्यापूर्वी साधा हिशेब करावा. सीडीवरील तासभराचे संगीत मूळ स्वरूपात सुमारे ६३५ मेगाबाइट जागा व्यापते. फ्लॅक पद्धतीने, काहीही न गमावता, ती बहुधा निम्म्याच्या आसपास येते. १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये तेच संगीत ५८ मेगाबाइटांत बसते खरे, परंतु काही ध्वनी कायमचे वगळून. पुढे त्याचे फ्लॅक केले तरी गेलेले परत मिळत नाही. ख्यालाच्या रसिकाने तरी ही काटकसर करू नये. त्याऐवजी स्मृतिकार्ड बदलता येईल असेच उपकरण घ्यावे. एक कार्ड भरले की दुसरे घालता येते.