आवाज मोठा की वाजवणं जोरात?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर धुळ्याहून एक प्रश्न आला, तो आज घेऊ. बँडपथकासाठी क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ढोल, झांज असं सगळं संगणकावर स्वरलिपीत लिहिलं. मिडी फाइल ऐकली तर क्लॅरिनेट ट्रम्पेटखाली दबलेलं. मुलं घरी याच फाइलवर सराव करणार, तेव्हा काय करावं?

पहिला मोह असा की क्लॅरिनेटच्या ओळीवर 'फॉर्टिसिमो' लिहून मोकळं व्हावं. आम्ही म्हणू, तसं करू नये. ती खूण छापील कागदावरही उतरते आणि वाजवणारा पोरगा ती पाळतो. (खान्देशातल्या वरातीत जोर लावा म्हणून कुणाला सांगावं लागत नाही, ते सोडा!)

इथे दोन कल्पनांची गल्लत होते. १९८३ पासून चालत आलेल्या मिडीत ध्वनी नसतोच, असतात त्या आज्ञा. प्रत्येक स्वराबरोबर 'व्हेलॉसिटी' जाते, १ ते १२७. म्हणजे स्वर किती जोराने वाजवला. चांगल्या ध्वनिसंचात तिच्यामुळे नादाचा पोतही बदलतो. कंट्रोलर क्रमांक ७ मात्र अख्ख्या चॅनलची पातळी ठरवतो. जळगावजवळच्या आसोद्यात जात्यावर कुणी खड्या आवाजात ओवी म्हणतं, ही व्हेलॉसिटी. आपण ती माजघराच्या दाराशी ऐकतो की ओसरीवरून, हा सातवा क्रमांक. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली छापली गेली, तेव्हा शब्द कागदावर आले, गळ्याचा जोर नाही आला. भातखंडे लिपीतही कोमल-तीव्र, सप्तक, मात्रा यांना खुणा आहेत. जोर कानानेच शिकायचा.

तर मिक्सर उघडावा आणि क्लॅरिनेट वाढवण्याऐवजी ट्रम्पेट खाली आणावं, कारण १२७ च्या वर जागाच नाही. लिलीपाँड वापरणाऱ्यांना प्रत्येक वाद्याची किमान-कमाल पातळी ० ते १ मध्ये लिहून देता येते. निर्यात केलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून बदल खरोखर त्यात गेला का, ते तपासावं. लांब धरलेला स्वर फुगवायचा तर व्हेलॉसिटी कामाची नाही, ती स्वर सुरू होतानाच ठरून जाते. तिथे क्रमांक ११ लागतो.

राहिला ढोल. तालवाद्यं रिवाजाने दहाव्या चॅनलवर एकत्र बसतात, त्यामुळे सातव्या क्रमांकाने ढोल उतरवला की झांजही उतरते. तिथे मात्र ढोलाच्या एकेका ठोक्याची व्हेलॉसिटीच कमी करावी लागते.