गोष्टींचा परकायाप्रवेश

‘तुंबाड’ चित्रपटाचा पहिला भाग आठवून पाहा. धाकटा भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन घराबाहेर धावते आणि साखळदंडानं जखडलेल्या आजीला जेवू घालायचं काम लहानग्या विनायकवर येऊन पडतं. बाहेर कोकणातला पाऊस, घरात ही दोघंच. आजी जागी होऊन अंगावर आली, तर उपाय एकच. हस्तर या देवाचं नाव घ्यायचं.

आता स्टीफन किंगची 1984 सालची ‘ग्रॅमा’ ही कथा घ्या. मोठ्या भावाचा खेळताना पाय मोडतो, आई इस्पितळाकडे गाडी पळवते आणि जॉर्ज नावाचा पोरगा अंथरुणाला खिळलेल्या चेटकीण आजीबरोबर घरात एकटा उरतो. तिला आवरायला तिथंही एक नाव लागतं. ते नाव हास्टर.

मधला दुवा आपल्याच घरातला आहे. नारायण धारपांनी किंगच्या कथेवरून ‘आजी’ लिहिली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलं आहे, की 1993मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं त्यांना धारपांची गोष्ट ऐकवली आणि ती डोक्यात बसली. चित्रपट आला 2018मध्ये. नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून.

बरं, ‘हास्टर’ तरी किंगचा स्वतःचा का? तोही नाही. 1891मध्ये अँब्रोज बिअर्सनं एका मेंढपाळाची गोष्ट लिहिली, त्यात हास्टर हा मेंढपाळांचा अगदी सज्जन देव होता. चार वर्षांनी रॉबर्ट चेंबर्सनं ते नाव आपल्या ‘द किंग इन यलो’मध्ये घेतलं, 1931मध्ये भयकथाकार लव्हक्राफ्टनं त्याचा ओझरता उल्लेख केला आणि पुढे ऑगस्ट डर्लेथनं त्याला पुरता दुष्ट देव करून टाकलं. सव्वाशे वर्षांत मेंढ्या राखणारा देव कोकणात येऊन सोन्याच्या मोहरा राखू लागला.

मग यात चोर कोण?

हा प्रश्न आपल्याकडे साधारण अकराशे वर्षांपूर्वी पुरेशा गांभीर्यानं विचारला गेला होता. राजशेखर हा कनोजच्या प्रतिहारांच्या पदरी असलेला कवी; त्याच्या पणज्याला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणत, म्हणजे लांबून का होईना नातं निघतंच. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ ग्रंथात ‘हरण’, म्हणजे दुसऱ्याचं उचलणं, या विषयाला चक्क तीन अध्याय दिले आहेत. मजकूर तोच आणि फक्त शब्दांची मांडणी निराळी, ते प्रतिबिंबकल्प. थोडी रंगरंगोटी करून वेगळं भासवलेलं, ते आलेख्यप्रख्य. विषय वेगळा असूनही दोन माणसं एकसारखी दिसावीत तसं साम्य, ते तुल्यदेहितुल्य. आणि मूळ एकच, पण सगळा साज निराळा, ते परपुरप्रवेशसदृश, म्हणजे आपल्या ओळखीचा परकायाप्रवेश. पहिले तीन प्रकार आधीच्या काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाचे, चौथा राजशेखरानं जोडला. मला या चौथ्याचंच अप्रूप वाटतं.

ही पट्टी इंग्रजी फँटसीला लावून बघू. तिथला आद्य पुरुष टॉल्किन. ‘द हॉबिट’ (1937) मधल्या बुटक्यांची नावं, थोरिन, फिली, किली, बोंबूर, त्यानं ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यातल्या यादीतून उचलली. गँडाल्फ हे नावही त्याच यादीतलं. ड्रॅगनच्या खजिन्यातून पेला चोरण्याचा प्रसंग ‘बेओवुल्फ’मध्ये आहे आणि टॉल्किननं हे ऋण मान्यही केलं होतं. पण ‘व्होलुस्पा’त ती नुसती नावांची जंत्री आहे. त्या नावांना दाढी, भूक, मानापमान आणि गमावलेलं घर दिलं ते टॉल्किननं.

1977मध्ये टेरी ब्रुक्सचं ‘द सोर्ड ऑफ शॅनारा’ आलं. एका शांत खेड्यातला पोरगा, त्याच्या दारात अचानक उगवलेला उंच, गूढ जाणकार, उत्तरेकडचा काळा स्वामी, माणूस-बुटके-एल्फ अशी मिश्र टोळी. तो जाणकार शत्रूशी झटताना खोल खाईत कोसळतो आणि पुढे परत येतो, हेसुद्धा टॉल्किनकडचंच. समीक्षक लिन कार्टरनं याला उघड लूट ठरवलं. पुस्तक मात्र धडाक्यानं खपलं. गंमत म्हणजे ब्रुक्स तेव्हा पेशानं वकील होता! त्याच्या एका एल्फचं नाव ड्युरिन आहे. ‘व्होलुस्पा’च्या यादीत हे नाव बुटक्याचं, टॉल्किनकडे बुटक्यांच्या मूळपुरुषाचं. तिसऱ्या घरी जाताना त्याची जातच बदलली. माझ्या लेखी हे पुस्तक आलेख्यप्रख्य. तरी त्यात एक गोष्ट ब्रुक्सची स्वतःची आहे. ती तलवार कापत नाही, धरणाऱ्याला स्वतःविषयीचं सत्य दाखवते. सगळं पुस्तक या एका कल्पनेभोवती फिरलं असतं, तर कदाचित कार्टरची तक्रारच उरली नसती.

कायदा यातलं फार थोडं बघतो. कल्पनेवर कुणाची मालकी नाही, मांडणीवर असते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1978च्या आर. जी. आनंद खटल्यात हेच सांगितलं. तिकडेही याच न्यायानं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळाच्या कंपनीला टॉल्किनच्या हक्कदारांकडून इशारा आल्यावर ‘हॉबिट’चं ‘हाफलिंग’ करावं लागलं, पण एल्फ आणि बुटके तसेच राहिले. ते कुणाच्याच बापाचे नव्हते. दिमित्री येमेत्स या रशियन लेखकानं 2002मध्ये तान्या ग्रॉटर नावाची अनाथ, जादूच्या शाळेत शिकणारी मुलगी उभी केली. ती झाडूऐवजी डबल बास या वाद्यावर बसून उडते. आपलं पुस्तक हॅरी पॉटरचं विडंबन आहे, असा त्याचा दावा. डच न्यायालयाला तो पटला नाही आणि 2003मध्ये तिथला अनुवाद अडला.

याउलट नील गेमनचा टिम हंटर. 1990च्या ‘बुक्स ऑफ मॅजिक’ या कॉमिक्समध्ये चष्मेवाला, विस्कटल्या केसांचा पोरगा, जादूगार व्हायचं नशिबात, सोबत घुबड. हॅरी पॉटर आला 1997मध्ये. लोकांनी गेमनला चिथवायचा पुष्कळ प्रयत्न केला. तो बधला नाही. आम्ही दोघंही टी. एच. व्हाइट या आधीच्या लेखकाकडून शिकलो, असं त्याचं उत्तर होतं. तुल्यदेही म्हणतात ते हेच.

राजशेखराच्या ग्रंथातला सर्वांत झणझणीत परिच्छेद त्याच्या बायकोच्या नावावर आहे. उसनवारी कोणत्या सबबींवर खपून जाते, याची यादीच अवंतिसुंदरी देते. तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध. त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. त्याची भाषा इथं कुणाला येते? शेवटची सबब वाचताना मराठी वाचकानं जरा खाली बघावं. ‘आधारित’, ‘स्वैर’, ‘बेतलेलं’ असे शब्द आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरले, आणि पुष्कळदा तेवढेही छापले गेले नाहीत. मी शाळकरी वयात लायब्ररीतून आणलेल्या कितीतरी गोष्टींचे खरे बाप मला तिशीनंतर इंग्रजीत भेटले. फसवणूक झाल्यासारखं वाटलं, हे खरं. त्या गोष्टींनी रात्री जागवलं होतं, हेही खरंच.

‘तुंबाड’कडे बघताना मात्र ती भावना येत नाही. आजी किंगची, नाव बिअर्सचं, गाव पेंडशांचं. पण विहिरीतून देवीच्या गर्भात उतरायचं, कणकेची बाहुली भुकेल्या हस्तरपुढे टाकायची आणि तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटीतून मोहरा ओढायच्या, हे बिअर्सच्या मेंढपाळाला ठाऊक नव्हतं आणि किंगच्या जॉर्जलाही नाही.